बुटात पालीची अंडी (मॅरेथॉन झाली, आता पळायची इच्छाच मेलीय, काय करू?)

खामलावाला | १४ एप्रिल, दुपारी ३:१०

आज जयंतीची सुट्टी, दीक्षाभूमीकडे गर्दी म्हणून गाडी काढली नाही, कूलरसमोर पडलोय, तर म्हटलं बरेच दिवस मनात असलेला धागा काढून टाकू. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

काल बायकोने गॅलरी झाडताना हाक मारली, इकडे या, तुमच्या बुटात बघा काय आहे. बघतो तर उजव्या बुटात टाचेपाशी पालीची दोन अंडी. पांढरी, शेंगदाण्याएवढी. आता हे बूट कोणते, तर जानेवारीत ज्यांच्यावर मी मुंबईची फुल मॅरेथॉन मारली ते. ४२.१९५ किमी. तिथून आल्यापासून ते गॅलरीच्या कोपऱ्यात आहेत, इतके निवांत की पालीला वाटलं इथे कोणी येत नाही, संसार थाटायला हरकत नाही.

थोडी पार्श्वभूमी देतो. वय ४४, बसून नोकरी. तीन वर्षांपूर्वी वजन ९६ होतं, लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत दोनदा थांबायचो आणि फोन आल्याचं नाटक करायचो. मग ऑफिसातल्या एकाने ओढत अंबाझरीला नेलं, आधी नुसतं चालणं, मग चालणं-पळणं, मग ५, १०, हाफ असं करत करत डोक्यात शिरलं की मुंबईची फुल करायची आणि पाच तासांच्या आत करायची. चौदा महिने दुसरं काही सुचलं नाही. फ्रिजवर तक्ता, रोजचे किलोमीटर, झालं की लाल पेनने टिक. लग्नाला गेलो तरी साडेनऊला झोपायला घरी. सासरेबुवांच्या पंच्याहत्तरीला सावजी मटण होतं, मी दहीभात खाल्ला, ते अजून ऐकून घेतो. रविवारी पावणेपाचला आम्ही चौघं मिहानच्या रस्त्याला लागायचो, ३२ किमी दोनदा केले.

आणि रेस मस्त झाली हो. सीएसएमटीहून अंधारात निघालो, सी लिंकवर उजाडलं, पेडर रोडच्या चढावर पोटऱ्यांत गोळे आले तेव्हा रस्त्याकडेला उभ्या एका मावशीने हातात संत्र्याची फोड ठेवली, मी म्हटलं नागपूरची आहे का, ती म्हणे खा रे गपचूप. ४ तास ५२ मिनिटं. येताना दुरांतोत वरचा बर्थ, चढताच येईना, खालच्या पोराने मेडल बघून स्वतःचा बर्थ दिला.

त्यानंतर दोन आठवडे आराम, ते सगळेच सांगतात. मग फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये दोनदा गेलो, तीन किमीतच धाप लागली, घड्याळातला पेस बघून लाज वाटली, परत आलो. आता अलार्म वाजायच्या आधीच जाग येते पण छताकडे बघत पडून राहतो. वजन ७८ चं ८३. दुखत-खुपत काही नाही. आळस म्हणावा तर आळशी माणूस मी चांगला ओळखतो, चाळीस वर्षं तोच होतो, हे वेगळं काहीतरी आहे. मेडलची रिबन बायकोने कूलरचा पाइप बांधायला घेतली, मला राग यायला पाहिजे होता, तोही आला नाही.

कोणाचं असं झालंय का? बाहेर कसे आलात? "पुढची रेस बुक कर" सोडून सांगा, ते तिघांनी सांगून झालंय.

तर्रीबाज | १४ एप्रिल, दुपारी ३:२६

भाऊ आधी त्या अंड्यायचं काय केलं ते सांगा नं. अन् कायले टेन्शन घेऊन राहिले, एप्रिल आहे बाप्पा, नागपुरात या महिन्यात कुत्रंबी पळत नाही. जुलैत बोलू.

खामलावाला | १४ एप्रिल, दुपारी ३:३१

तशीच आहेत. मुलगी म्हणते हात लावायचा नाही. तिने बुटावर कागद चिकटवलाय, "आत बाळं आहेत, डिस्टर्ब करू नये".

सायकलवेडा | १४ एप्रिल, सायं ५:०२

अगदी अगदी. माझं सायकलचं सेम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीआरएम म्हणून प्रकार असतो, २०० किमी साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस तासांत. चारही एकाच सीझनमध्ये मारले की सुपर रँडोनिअर म्हणतात. मी ते केलं. सहाशेला दुसऱ्या रात्री झोप इतकी की एका ढाब्याच्या खाटेवर वीस मिनिटं पडलो तर ढाबेवाला नाडी बघायला आला. आणि घरी आल्यावर चार महिने सायकल बाल्कनीत, हँडलवर आईचे ब्लाउज वाळायचे.

तू नको म्हणतोस तरी सांगतो, माझ्यासाठी नवं टार्गेट हेच औषध ठरलं. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ घे ना, २०१७ ला रॅम, म्हणजे अमेरिका आडवी सायकलने, जवळपास ४८०० किमी, बारा दिवसांच्या आत एकट्याने केली. आता थांबले असते तर कोण काय बोललं असतं? पुढच्याच वर्षी गडी ट्रान्स-सायबेरियनला. काही माणसांना समोर डोंगर लागतो. मला लागतो. तुलाही लागत असेल, तू कबूल करत नाहीयेस.

रश्मी_ध | १४ एप्रिल, रात्री ९:४४

वाचतेय. माझं मॅरेथॉनबिरथॉन काही नाही, पण दीड वर्षात २२ किलो कमी केलं होतं (पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सचा त्रास, डॉक्टरने दम दिला होता), त्यामुळे लिहायचा हक्क आहे असं समजते.

सायकलवेडादादा, तुमच्याशी थोडी असहमत. माझ्या बाबतीत टार्गेट संपलं ते नव्हतं दुखणं, कौतुक संपलं ते होतं. जोपर्यंत वजन उतरत होतं तोपर्यंत प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवाला "अगं किती बारीक झालीस, काय करतेस", मला इतकं छान वाटायचं की त्याच्या जोरावर मी महिनाभर भाकरी-भाजीवर राहायची. एकदा ६१ वर आले आणि तिथेच थांबले, लोकांना सवय झाली. आता ६१ वर टिकून राहण्याबद्दल कोण टाळ्या वाजवणार? आणि मेहनत तेवढीच लागते हो! उलट जास्त, कारण काट्यावर दिसत काहीच नाही. मी जिमचे वर्षाचे पैसे भरले होते (कुठली ते सांगत नाही), तीन महिने गेले आणि सोडलं, पैसे काही परत मिळाले नाहीत.

खामलावाला, तुम्हाला मुंबईहून आल्यावर किती दिवस लोकांनी विचारलं? खरं सांगा.

खामलावाला | १४ एप्रिल, रात्री १०:१५

साधारण दहा दिवस. ऑफिसात केक कापला. अकराव्या दिवशी साहेबांनी मार्च एंडिंगचं काढलं.

ताई, वर्मावर बोट ठेवलंत.

जिगरबाज_जय | १५ एप्रिल, सकाळी ७:२०

सर सिंपल आहे, २१ दिवस सलग करा, काहीही होवो, २१ दिवसांत कुठलीही सवय लागते. सकाळी उठून आरशात बघून स्वतःला सांगा मी चॅम्पियन आहे.

तर्रीबाज | १५ एप्रिल, सकाळी ७:३४

मी सांगतलं. आरसा म्हणे आधी दात घास.

डॉक्टरीणबाई | १५ एप्रिल, दुपारी १:४०

ओपीडी संपली, डबा खाता खाता लिहितेय.

आधी ते २१ दिवसांचं. असं काही सिद्ध झालेलं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी लोकांना रोजची एकेक साधी सवय लावून घ्यायला सांगितली होती आणि मोजलं होतं, सरासरी ६६ दिवस निघाले, कोणाला १८ तर कोणाचा हिशोब २५४ पर्यंत. आणि त्यातच असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस हुकला तर फारसं बिघडत नाही. हे मी पेशंटना मुद्दाम सांगते, कारण बावीसाव्या दिवशी कंटाळा आला की लोकांना वाटतं आपल्यातच खोट आहे.

आता खामलावाला. तुम्ही मार्चमध्ये तीन किमीत धापलात आणि घाबरून परत आलात ना, त्याचं कारण ऐका. सराव थांबला की सगळ्यात आधी रक्तातला द्रव भाग कमी होतो, ते दोन-तीन आठवड्यांतच दिसायला लागतं. रक्त कमी म्हणजे एका ठोक्यात हृदय कमी रक्त ढकलणार, मग त्याच वेगाला ठोके जास्त, म्हणून धाप. तुम्हाला वाटलं चौदा महिने पाण्यात गेले. नाही गेले. हा भाग जसा लवकर जातो तसा लवकर परतही येतो. त्यात मार्चचं ऊन, शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात आणि तुम्ही दोन दिवसांत निकाल लावलात. घड्याळावरचा आकडा जानेवारीतल्या स्वतःशी लावून बघणं बंद करा, जानेवारीतला माणूस चौदा महिने तापवलेला होता.

दुसरं, विचारल्याशिवाय राहवत नाही. झोप कशी आहे? जेवण? फक्त पळण्यातलाच रस गेलाय की सिनेमा, मित्र, मुलगी, सगळ्यातलाच? सगळ्यातला असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त असेल तर धाग्यावर विचारू नका, डॉक्टरला भेटा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगला सोनं आणलं आणि नंतर स्वतःच सांगितलंय की त्या सोन्यानंतर आत मोठी पोकळी आली होती. मायकेल फेल्प्सही ऑलिम्पिकनंतरच्या नैराश्याबद्दल उघड बोलतो. आणि एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२, डी बघून घ्या. चौदा महिने घाम गाळून वर दहीभातावर राहिलेला माणूस आहात.

खामलावाला | १५ एप्रिल, रात्री ८:५०

डॉक्टरताई, मनापासून आभार. रक्ताचं कोणीच सांगितलं नव्हतं, मला वाटलं होतं मी संपलो. झोप ठीक आहे, जेवण तर जास्तच ठीक आहे, सिनेमे बघतोय, मुलीशी कॅरम खेळतो. फक्त पळणंच. टेस्ट करून घेतो या शनिवारी.

रेशीमबागचे_काका | १६ एप्रिल, पहाटे ५:३५

मी फारसा लिहीत नाही, वाचतो. वय ७१. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो आणि नंतर आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली, म्हणून या विषयावर बोलतो.

खामलावाला, एक विचारतो, राग मानू नकोस. ते ४२ किलोमीटर बाजूला ठेव. मेडल ठेव, वजन ठेव, तक्ता ठेव. उरलं त्यात तुला पळण्यातलं काय आवडायचं? घाई नको. दोन दिवस घे.

खामलावाला | १८ एप्रिल, रात्री ११:२०

काका, दोन दिवस नाही, अडीच दिवस घेतले. आणि उत्तर असं आलं की मलाच धक्का बसला.

मला पळणं आवडायचंच नाही.

म्हणजे बघा, आठवून आठवून काय आठवलं ते लिहितो. रविवारी पळून झालं की आम्ही चौघं पोहेवाल्याकडे जायचो, ठेला अजून नीट लागलेला नसायचा, पातेल्याचं झाकण काढलं की वाफ, तर्रीचा तो लाल थर, आणि तो न विचारता माझ्या प्लेटमध्ये चणे जास्त घालायचा. घामाने भिजलेले, मीठ सुकून कपाळावर पांढरं झालेलं, आणि एकमेकांना शिव्या घालत खायचो. दुसरं आठवलं ते पळताना, पण पळण्याचं नाही. आमच्यातला एक जण बरोबर अठराव्या किलोमीटरला गप्प व्हायचा, आणि आम्हाला कळायचं की याला त्रास होतोय, मग कोणीतरी त्याच्या सासूचा विषय काढायचा, की हा पेटला, पुढचे चार किलोमीटर सासूवर. तिसरं म्हणजे ती लाल टिक. टिक करायला जाम आवडायचं.

आता चौघांपैकी एकाची बदली हैदराबादला झाली, एकाच्या गुडघ्याचं निघालं, आणि तिसरा, ज्याने मला ओढत नेलं होतं, त्याला घरी जुळं झालंय, तो पहाटे साडेचारला जागाच असतो पण दुपटी बदलत. तक्ता संपला म्हणून बायकोने फ्रिजवरून काढला, तिथे आता दूधवाल्याचा हिशोब आहे.

म्हणजे मी ज्याच्यासाठी जायचो त्यातलं काहीच उरलेलं नाही, आणि मी स्वतःला तीन महिने आळशी म्हणतोय.

सायकलवेडा | १९ एप्रिल, सकाळी ९:१०

हे वाचून गप्प झालो. मी सहाशेच्या वेळी कोणाबरोबर होतो ते आठवत बसलो.

तरी माझा मुद्दा राहतोच हां. ;)

पुण्याहून_नागपुरी | १९ एप्रिल, सकाळी ११:४५

मग सोपं आहे की, एखादा रनिंग ग्रुप जॉइन करा. शहरात ढिगाने आहेत.

खामलावाला | १९ एप्रिल, दुपारी १२:०५

गेलो होतो हो एकात, फेब्रुवारीत. सगळे पंचविशीतले, वॉर्मअपलाच माझा अर्धा जीव गेला, आणि संपल्यावर पोहे नाही, प्रोटीन शेक. एकाने मला "अंकल आप साइड से चलिए" म्हटलं. मी ४२ मारून आलेला माणूस! (अवांतर: सांगितलं नाही त्याला. सांगायला पाहिजे होतं असं अजून रात्री वाटतं.)

रेशीमबागचे_काका | २० एप्रिल, पहाटे ५:२०

उत्तर प्रामाणिक आहे, आवडलं.

शाळेत माझ्या कबड्डीच्या पोरांचं हेच व्हायचं. आंतरशालेय स्पर्धेसाठी चार-चार महिने जीव काढायचे, जिंकायचे, गावातून मिरवणूक, आणि दुसऱ्या आठवड्यापासून मैदानावर एकही नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी रागवायचो, उठाबशा काढायला लावायचो, मग ती आणखी दूर जायची. पुढे एका जुन्या मास्तरांनी सांगितलं, त्यांना खेळायला सांगू नको, फक्की मारायला सांग. म्हणजे काय, तर जिंकलेल्या पोरांनी यायचं आणि सहावी-सातवीच्या पोरांसाठी मैदान आखून द्यायचं. दोरी धरायची, फक्कीचा, म्हणजे आखायच्या पांढऱ्या भुकटीचा, डबा घ्यायचा, रेषा सरळ आली पाहिजे. खेळायचं नाही, मनाईच. नंतर कडेला उभं राहून लहानांचे पॉइंट मोजायचे.

चार दिवस ती पोरं जांभया देत मोजायची. पाचव्या दिवशी एखाद्या सहावीतल्याने चुकीची पकड केली की कडेचा एक ओरडायचा, अरे घोट्याला धर घोट्याला! आणि आठवड्याभरात चड्ड्या खोचून सगळे आत. मी काही बोलायचो नाही. दर वर्षी हेच करायचो, आणि दर वर्षी एक-दोन पोरं मात्र परत यायची नाहीत, तेही सांगतो, नाहीतर तुला वाटेल म्हातारा थापा मारतो.

तुझ्यासाठी फक्की काय असेल ते तू बघ.

मी_अनु | २० एप्रिल, रात्री ९:३०

काका _/\_

सर, मी खूप दिवसांची वाचक, पहिल्यांदाच लिहितेय. मी आणि माझी वहिनी साताऱ्याच्या हिल हाफची तयारी करतोय, तिथे यवतेश्वरचा घाट चढायचा असतो आणि आपल्या नागपुरात चढ म्हटला की सेमिनरी हिल्स सोडून काही नाही. आता उन्हामुळे पाचच्या आधीच जावं लागतं, त्या वेळी तिथे अंधार, कुत्री, आणि आम्ही दोघीच. घरून रोज ऐकावं लागतं. कोणी नुसतं बरोबर असलं तरी चालेल, पळायलाच पाहिजे असं नाही. पाणी धरणारं कोणी नसल्याने बाटल्या झुडपात लपवतो, परवा एक बाटली गायब.

धाग्यावर हे विचारणं बरोबर आहे का माहीत नाही. नसेल तर अॅडमिननी उडवावं.

तर्रीबाज | २० एप्रिल, रात्री ९:४१

खामला भाऊ, फक्कीचा डबा घेऊन आली बघा पोरगी.

खामलावाला | २० एप्रिल, रात्री १०:२२

अनु, बायकोला विचारलं. ती म्हणे तुम्ही एकटे कशाला, मी पण येते, मला तशीही पाचला जाग असते. शनिवारी आम्ही दोघं अॅक्टिव्हावर येतो, पाणी, मीठ-साखर, टॉर्च आमच्याकडे. मी पळणार नाही हे आधीच सांगतो. माझे बूट बिझी आहेत.

जाता जाता, रिपोर्ट आले. डी आणि बी-१२ दोन्ही कमी. डॉक्टरताई, तुमचा दहीभाताचा टोमणा लागू पडला.

डॉक्टरीणबाई | २१ एप्रिल, दुपारी २:१५

आता जवळच्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवून त्यांच्या सांगण्याने गोळ्या घ्या, मनाने नको.

आणि चाळिशीनंतर नुसतं पळणं पुरत नाही हे सगळ्यांसाठीच लिहिते. स्नायू हळूहळू घटत असतात, म्हणून आठवड्यातून दोन दिवस जोर-बैठका, वजनं, काहीतरी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. १५० म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणं. त्यात ४२ किलोमीटर कुठेच येत नाही, तब्येतीसाठी लागतं ते एवढंच. ४२ हा शौक आहे, आणि शौकाचा कंटाळा येऊ शकतो की माणसाला.

रश्मी_ध | २२ एप्रिल, सकाळी १०:०५

शेवटचं वाक्य फ्रेम करून जिममध्ये लावा.

माझं सांगायचं राहिलं. मी शेवटी बाहेर आले ते नवरात्रात. वाड्यातल्या बायका दर वर्षी कोराडीला देवीला पायी जातात, मी कधी गेले नव्हते, त्या वर्षी गेले. कोणी किलोमीटर मोजत नव्हतं. एक आजी अनवाणी, माझ्या पुढे. मी इतकी फिट आणि मागे राहतेय म्हणून आधी चिडले, मग हसू आलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यातल्याच दोघींबरोबर चालते. वजन ६३ झालंय, होऊ दे.

खामलावाला | ११ मे, सकाळी ८:१०

अपडेट देतो, व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारत होते काही जण.

तीन शनिवार-रविवार झाले. पहिल्या वेळी आम्ही चढाच्या माथ्यावर गाडी लावून बसलो. पहाटे पाचला पण वारा गरम, अॅक्टिव्हाची सीट सुद्धा कोमट. खाली अंधारात दोन टॉर्च हलताना दिसायचे, मग चपक चपक बुटांचा आवाज, मग धाप, मग त्या दोघी यायच्या, पाणी पिऊन परत खाली. सहा फेऱ्या. मी बसून कंटाळलो म्हणून मोजायला लागलो, कुठली फेरी किती मिनिटं. तिसऱ्या फेरीला अनु फार पुढे वाकून चढतेय असं दिसलं, राहवलं नाही, ओरडलो, कमरेतून वाकू नकोस, पावलं लहान टाक! बायको माझ्याकडे बघून हसायला लागली. म्हणे घोट्याला धर घोट्याला.

दुसऱ्या आठवड्यात बायकोच चालायला लागली, मी एकटाच गाडीपाशी बावळटासारखा, म्हणून तिच्याबरोबर चाललो, फ्लोटर घालून. आणि परवा काय झालं, वहिनी गाडीची किल्ली खालीच विसरल्या, चढून येऊन मग आठवलं, दोघींचे चेहरे असे की आता परत उतरवत नाही. मी म्हटलं थांबा. खाली गेलो, किल्ली घेतली आणि वर येताना कळलंच नाही कधी पळायला लागलो. फ्लोटरमध्ये. घड्याळ घरी. माथ्यावर आलो तर जीव तोंडात आणि डाव्या पायाला फोड. डॉक्टरताईंचं वाक्य मनात म्हणत होतो, रक्त कमी आहे, रक्त कमी आहे.

नंतर पोहे. त्या दोघी तर्री घेत नाहीत म्हणाल्या, आम्ही वाळीत टाकायची धमकी दिली.

सायकलवेडा | ११ मे, सकाळी ९:००

फ्लोटरमध्ये चढ मारला म्हणजे पुढची रेस बुक करायला हरकत नाही :फिदी:

खामलावाला | ११ मे, सकाळी ९:१२

गप बस.

(साताऱ्याला यांच्याबरोबर बॅगा धरायला जाणार आहे मात्र. फक्त बॅगा.)

रेशीमबागचे_काका | १२ मे, पहाटे ५:१५

फोडाला खोबरेल लाव. फोडू नकोस.

जिगरबाज_जय | १२ मे, सकाळी ७:४०

सर मी पण येऊ का शनिवारी? माझं २१ दिवसांचं नवव्या दिवशी तुटलं.

खामलावाला | १२ मे, सकाळी ७:५५

ये. पाणी तू धर.

पुण्याहून_नागपुरी | ४ जून, दुपारी ४:२०

धागा वर काढतोय. नवतपा, म्हणजे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपला, चालू आहे का अजून? की उन्हात विरघळलात?

खामलावाला | ४ जून, रात्री ९:०५

मेच्या शेवटी दोन आठवडे बंदच होतं, खोटं बोलत नाही. ४५ डिग्रीत पहाटे सुद्धा झळ लागते, वहिनींना एकदा चक्कर आली, मग डॉक्टरताईंनी व्यनितून झापलं. तेव्हा घरी तिघं मिळून सूर्यनमस्कार, बारा. मुलगी मोजते आणि सातनंतर सरळ अकरावर जाते.

काही दिवस गेलो नाही तर अजूनही मनात येतं की आता परत तेच होणार. बायको म्हणते होऊ दे, मग परत किल्ली विसरू.

तर्रीबाज | २१ जून, सायं ६:३०

ओ खामला भाऊ, सगळं झालं, पाऊस आला, जय भाऊ चार किलोमीटर पळून राहिला म्हणते, पण मेन गोष्ट कोणी विचारूनच नाही राहिलं. अंड्यायचं काय झालं?

खामलावाला | २१ जून, रात्री ८:४५

एक फुटलं. नेमकं कधी ते कळलं नाही, मागच्या आठवड्यात बुटात कवच सापडलं, कागदासारखं पातळ, आणि त्या संध्याकाळी ट्यूबलाइटपाशी काडीएवढी पाल दिसली, मुलीचं म्हणणं ती आपलीच. दुसरं फुटलं नाही, ते तिने तुळशीच्या कुंडीत पुरलं.

बूट काल धुतले आणि गॅलरीत टांगले, तर आज दिवसभर पाऊस. दोन दिवस काही वाळत नाहीत. उद्या फ्लोटरच.